लग्नकार्यामुळे दुकान बंद

९ जानेवारी

आत्या,

नमस्कार! मोठ्या अक्षरात लिहिलाय, म्हणजे तुला ऐकू जाईल. फोनवर तू नुसतं 'काय? काय?' करतेस आणि मग माझ्यावरच रागावून ठेवून देतेस. त्यापेक्षा हे बरं.

आम्ही दोघं मजेत आहोत. बाबांना थोडा थकवा आलाय, इतकंच. दिवसभर उभं राहून दाढ्या करायच्या म्हणजे पाय दुखणारच. म्हणून थोडे दिवस सलून बंद ठेवलंय. शटरवर मी छान पाटी लिहून लावली, 'लग्नकार्यामुळे दुकान बंद'. उगाच चौकशा नकोत. बाबा म्हणतात, गिऱ्हाइकाला कारागिराचं दुखणं सांगू नये, ते घाबरून दुसरीकडे जातं. आणि आमच्याकडे दुसरीकडे म्हणजे काही लांब नाही. रस्ता ओलांडला की समोरचा सलूनवाला बसलेलाच आहे. तू आली होतीस तेव्हा पाहिलास ना, तो खांबासारखा उंच, कधी हसत नाही तो.

तुला एक गंमत माहितीये का? तो आणि बाबा एकमेकांचे केस कापतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दोन्ही दुकानं बंद असतात तेव्हा. आधी बाबा त्याच्या खुर्चीत, मग तो बाबांच्या. धंद्याचं एक अक्षर बोलत नाहीत, नुसती कात्री वाजते. मी बाबांना विचारलं, एवढ्या मोठ्या गावात तोच बरा सापडला? तर म्हणाले, "अगं, स्वतःचं डोकं कुणाच्या तरी हातात द्यावंच लागतं. मग निदान ज्याला काम येतं त्याच्या तरी द्यावं." मला मात्र तो मुळीच आवडत नाही.

बाकी शाळा ठीक. गणितात पहिली आले. (नाही, तिसरी. तू खोदून विचारशीलच.)

हो, एक विचारायचं होतं. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग पडले तर कशाने जातात? सहज विचारते.

तुझी भिंगरी


१६ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद, आणि एक चापट उधार.

गार पाणी आणि मीठ. गरम पाणी अजिबात लावू नकोस, डाग पक्का बसतो. भिजत घाल, हलक्या हाताने चोळ आणि उन्हात टाक. इथे वसतिगृहातल्या सगळ्या पोरींचे कपडे माझ्या डोळ्यांखालून जातात, तेव्हा डागांमधलं मला कळतं. पोरींमधलंही कळतं. 'सहज विचारते' म्हणणारी पोर कधीही सहज विचारत नसते.

रक्त कुणाचं आहे?

आणि लग्न कुणाचं? आपल्या घरात माणसं तीन. तू अजून शाळेत जातेस. तुझी आई गेली तेव्हा तू रांगत होतीस, तेव्हापासून तुझ्या बापाने त्या विषयाचं नाव काढलेलं नाही. उरले मी. माझं लग्न ठरलं असेल तर मला कळवायची पद्धत आहे गं. निदान मुलगा तरी दाखवायचा!

माझे कान गेलेत, अक्कल शाबूत आहे. माझा भाऊ थकव्याने शटर ओढणारा नाही. अंगात ताप असताना त्याने खुर्चीचा आधार घेऊन गिऱ्हाइकं केलेली मी पाहिलीत. खरं काय ते लिही. रागवायचं की नाही ते मी वाचून ठरवीन.

आत्या


२४ जानेवारी

आत्या,

डाग गेले. थँक्यू.

रक्त बाबांचं. नाकातून येतं आणि लवकर थांबत नाही. कुठे जरा लागलं की अंगावर निळं होतं. मोठ्या इस्पितळात तपासलं. रक्ताचा कॅन्सर आहे. हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिला. लिहिताना वाटलं काहीतरी होईल, पण काही झालं नाही. आधीच्या शब्दांसारखाच लिहिला गेला.

औषधं सलाइनमधून देतात. काही दिवस तिथे, मग थोडे दिवस घरी, मग परत तिथे, असं बरेच महिने चालणार. बाबा तिथे असतात तेव्हा मी घरमालकीण आजींकडे वर झोपायला जाते. त्या घोरतात, पण गरम जेवायला घालतात आणि प्रश्न विचारत नाहीत. डॉक्टरीणबाईही चांगल्या आहेत. मला बाहेर पाठवून देत नाहीत, बाबांसमोरच मलाही सगळं सांगतात. म्हणाल्या, बरं होऊ शकतं, पण वचन देता येत नाही. मला त्यांचं हे बरं वाटलं.

तुला कळवलं नाही, कारण तू काय करशील ते मला माहितीये. तू मला घेऊन जाशील. नको ना गं आत्या. तू चांगली आहेस, तुझं वसतिगृहही चांगलं असेल. पण मी तिकडे आले आणि बाबा घरी आले तर दार कोण उघडणार? बाबा म्हणतात, दुकान आहे तोवर आपण इथले. तर आहे ना दुकान. बंद आहे, पण आहे.

पाटीचा मात्र घोळ झालाय. लग्न काही संपेचना! आमच्या शाळेचे शिपाईकाका बाबांचं जुनं गिऱ्हाईक. ते रोज विचारतात, "अजून वरात निघाली नाही का गं?" आणि काल दूधवाल्या बाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नवी आई कशी आहे? जीव लावते ना?" सगळ्या गल्लीला वाटतंय बाबांनीच लग्न केलं! मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं. आता कोणी ना कोणी रोज तिची चौकशी करतं. ती स्वभावाने फार शांत आहे, असं मी सांगून ठेवलंय.

तुझी भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरी, बाळा,

तुझं पत्र वाचलं आणि कोठीच्या खोलीत जाऊन दार लावून रडले. आता झालं रडून.

आजच्या आज निघाले असते, पण पोरींच्या परीक्षा तोंडावर आहेत आणि माझ्या जागी माणूस मिळेल तो एप्रिलअखेरीस. तेव्हा येते. वरच्या आजींना माझा नमस्कार सांग. माझ्या पोरीला गरम जेवायला घालणाऱ्या बाईचे पाय धरायला मी तयार आहे. घोरू दे म्हणावं खुशाल.

तुझा बाप लहानपणापासून असाच. पायात काटा मोडला तर लंगडत घरी यायचा आणि म्हणायचा, चालायची नवीन पद्धत काढलीय. तू त्याचीच लेक. कुणाला सांगायचं नाही, कुणाकडे मागायचं नाही! अगं, तोंड शिवून बसलात तर लोकांना काय स्वप्न पडणार आहे? गल्लीत एकाला तरी खरं सांग. माणसं वाईट नसतात, त्यांना माहीत नसतं.

आणि तुझ्याशी लपवाछपवी करणार नाही. माझ्याकडे खाट तयार आहे, खिडकीशेजारची. मी आले तेव्हा दुकानाला कुलूप, भाऊ इस्पितळात आणि तू त्या शांत स्वभावाच्या आईच्या भरवशावर असं दिसलं, तर गुमान बोचकं बांधायचं आणि माझ्याबरोबर यायचं. तेराव्या वर्षी पोरीने एकटीने संसार ओढायचा नसतो. दुकान चालतं राहण्याची काही सोय झाली असेल, चार माणसं मागे उभी दिसली, तर राहा. हा माझा शब्द.

सोबत लोकरीची टोपी आहे. औषधांनी त्याचे केस जातील. त्याला सांग, जगाचे इतके काढलेस, आता तुझी पाळी.

आत्या


४ मार्च

आत्या,

खाट पुसून ठेव. मी येते.

बाबांचे केस गेले. आरशात बघून म्हणाले, "एवढं साफ काम मलासुद्धा जमलं नसतं." तुझी टोपी झोपतानाही काढत नाहीत. परवापासून पुन्हा इस्पितळात आहेत. ताप येतोय म्हणून मला काचेबाहेरूनच बघू देतात.

आणि आज शाळेतून येताना काय बघितलं माहितीये? आमचं शटर वर! मला वाटलं बाबा आले. दप्तर आपटत धावत सुटले. आणि आत कोण? समोरचा! बाबांच्या खुर्चीमागे उभा, बाबांचा वस्तरा हातात. खुर्चीत शिपाईकाका डोळे मिटून, तोंडभर फेस. माझी पाटी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. त्याने मला आरशातून पाहिलं आणि वस्तरा पुन्हा चालवायला लागला. मी पळून आले.

कुलूप तोडलं असणार. बाबांचं कुणाकडून तरी कळलं आणि हा घुसला. शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं फावलं! आणि स्वतःचं डोकं तरी बघावं त्याने. एवढा टापटिपीचा माणूस, आता कानांवर केस, मानेवर झिपऱ्या, नुसतं जंगल माजलंय. स्वतःला कात्री लावायला वेळ नाही, एवढी घाई झालीय दुसऱ्याच्या दुकानाची.

आजींना सांगितलं तर त्या "बघू" म्हणाल्या आणि भाजी निवडत बसल्या. बाबांना सांगण्यात अर्थ नाही, ताप वाढायचा. दुकान गेलं, आत्या. म्हणजे आता आम्ही इथले नाही.

भिंगरी


८ मार्च

समोरच्या सलूनच्या मालकांस,

तुमचं नाव मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची हौसही नाही. ज्याच्या दुकानात तुम्ही शिरलात त्याची मी मोठी बहीण.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात असं ऐकून होते. तुम्ही तर जित्याच्या टाळूवरचं खायला निघालात. माझ्या भावाच्या टाळूवर आता केसही उरलेले नाहीत, तिथेही तुम्हाला लोणी दिसलं! धन्य आहे तुमची.

एप्रिलअखेरीस मी येते आहे. त्याच्या आत किल्ली माझ्या भाचीच्या हातात गेली पाहिजे. मला कमी ऐकू येतं, तेव्हा सबबी तयार करण्यात वेळ दवडू नका. आणि सवड झालीच तर आधी स्वतःचे केस कापून घ्या. डोक्यावर जंगल वाढवून लोकांना माणसात आणायला निघालेत!

एक बहीण


११ मार्च

आत्या,

तू काही केलं नाहीस ना? कुणाला पत्रबित्र नाही ना पाठवलंस? पाठवलं असशील तर आपल्या दोघींचं काही खरं नाही.

सांगते. मी शनिवारी दुकानात गेले, भांडायलाच. आत शिरले आणि ओरडले, "हे माझ्या बाबांचं दुकान आहे!" समोरच्या काकांनी हातातलं गिऱ्हाईक पुरं केलं, खुर्ची झटकली आणि म्हणाले, "बस." मी नाही बसले. मग म्हणाले, "त्याचंच आहे. म्हणून तर उघडलं."

किल्ली बाबांनीच दिली होती. काका म्हणाले, गिऱ्हाईक पायांनी येतं. पायांना दुसऱ्या दाराची सवय लागली की डोकंही तिकडेच जातं. या गिऱ्हाइकांना मी माझ्या खुर्चीत बसवलं असतं तर तुझा बाप उठेपर्यंत ते माझे झाले असते. म्हणून मंगळवारी आणि शनिवारी दुपारी ते चक्क स्वतःचं दुकान बंद करतात आणि आमचं उघडतात. खुर्ची बाबांची, कापड बाबांचं, आरसा बाबांचा. शिपाईकाकांच्या मिश्यासुद्धा बाबा ठेवतात तशाच ठेवतात, काकांना स्वतःला त्या आवडत नाहीत तरी. आलेले पैसे वरच्या आजींकडे देतात. म्हणून आजी भाजी निवडत 'बघू' म्हणाल्या! सगळे मिळालेले होते.

मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं, पाटी तर लग्नाची होती? आत्या, तेव्हा ते हसले. खरंच हसले, मी पाहिलं. म्हणाले, "पाटी वाचूनच कळलं. तुझा बाप लग्नाला जाणार आणि माझ्याकडे केस न कापता? शक्य आहे का?" मग ते सोमवारी सायकल काढून इस्पितळं शोधत फिरले आणि बाबांना हुडकून काढलं.

मला का नाही सांगितलं, म्हणून मी बाबांना काचेबाहेरून फोन लावला. ताप उतरलाय, बोलतात आता. म्हणाले, "तुला वाटत होतं मी चार दिवसांत येऊन शटर उघडीन. ते मोडवेना." मी म्हटलं, मला तसं वाटतच नव्हतं. तुम्हाला तसं वाटतंय, असं मला वाटत होतं. म्हणून मी पाटी काढत नव्हते. मग आम्ही दोघं काचेच्या दोन बाजूंना वेड्यासारखे हसलो आणि मग मला रडू आलं. त्यांनाही आलं. आतल्या सिस्टरने दोघांनाही दटावलं.

पाटी फाडून टाकली. गल्लीत ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना खरं सांगितलं. दूधवाल्या बाई आधी रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तरीच म्हटलं, इतकी शांत बाई असते कुठे!" शिपाईकाका मला शाळेतून परस्पर इस्पितळात पोचवतात. आता माझं तोंड थँक्यू म्हणून म्हणून दुखतंय. तू म्हणत होतीस तेच खरं. त्यांना माहीत नव्हतं.

आता काका मला आवडतात. त्यांच्या केसांचं मात्र काहीतरी करायला हवं.

तुझी भिंगरी


१६ मार्च

ताईंना नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. मी लिहिण्यातला माणूस नाही, तेव्हा चूकभूल माफ असावी.

आपण रागावलात ते बरोबरच आहे. माझ्या भावावर अशी वेळ आली असती तर मीही हेच लिहिलं असतं, फक्त इतकं झकास जमलं नसतं. टाळूवरच्या लोण्याचं वाक्य मी आपल्या भावाला वाचून दाखवलं. तो इतका हसला की सिस्टरने मला बाहेर काढलं. बऱ्याच दिवसांनी त्याला हसताना पाहिलं. त्याबद्दल आपले आभार.

किल्ली मी भाचीच्या हातात दिली होती. तिने दोन मिनिटं विचार केला आणि परत माझ्याच हातात दिली. दुपारी ती दुकानात बसून अभ्यास करते. गिऱ्हाइकांना पाढे विचारते, त्यामुळे काही जण चुकवून येतात.

केसांबद्दल आपण लिहिलंत. कापायला वेळ मिळाला नाही असं नाही. गेली पंधरा वर्षं माझे केस एकच माणूस कापतो. तो सध्या आजारी आहे. मी थांबलोय.

आपला,
समोरचा


२२ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र आणि त्यांचं पत्र पाठोपाठ आलं. तोंड लपवायला तुझ्याकडे एखादी जागा असेल तर सांग. या वयात अशी फजिती व्हायची होती! त्यांचं शेवटचं वाक्य वाचलं आणि जेवणघरात सगळ्या पोरींसमोर माझे डोळे वाहायला लागले. कांदा चिरत होते म्हणून सांगितलं. स्वयंपाकीण म्हणाली, बाई, आज कांदा आणलेलाच नाही.

त्यांची माफी मागायला वेगळं पत्र लिहिलंय. चार वेळा फाडलं, पाचवं पाठवलं. तुझ्या बापाला पंधरा वर्षांत त्या माणसाबद्दल एक वाक्य मला सांगावंसं वाटलं नाही, याचा हिशोब मी त्याच्याकडून घेईनच. आधी बरा होऊ दे.

माझा शब्द तो शब्द. मी येते ती तुला न्यायला नाही, तुम्हा सगळ्यांच्या हातचं चार दिवस बसून खायला. पण खाट अजून कुणाला देत नाही, हेही ऐकून ठेव. तुझा बाप स्वतःच्या पायांवर त्या खुर्चीमागे उभा राहिला असं तुझ्या अक्षरात वाचीन, तेव्हाच देईन.

त्यांच्यासाठी टोपी विणायला घेतलीय. माप मोठं धरलंय. जंगल मावायला हवं.

आत्या


५ ऑगस्ट

आत्या,

नमस्कार! तू परत गेल्यापासून घर फार शांत झालंय. आजी विचारतात, ती ओरडून बोलणारी पुन्हा कधी येणार? त्यांना करमत नाही.

आधी तब्येतीचं. बाबांची तपासणी चांगली आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार सध्या गेलाय. त्यांनी 'सध्या'वर जोर दिला आणि बाबांनी घरी येईपर्यंत 'गेलाय'वर. तपासण्या चालूच राहणार आहेत. पण आत्या, बाबा घरी आहेत. सकाळी उठते तेव्हा स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज येतो आणि मला इतकं बरं वाटतं!

भांडी पडतात, कारण औषधांनी बोटांची टोकं बधिर झालीत. हळूहळू सुधारेल म्हणतात. शर्टाची बटणं मी लावते. केस आलेत, आणि गंमत म्हणजे कुरळे आलेत! आरशात बघून म्हणतात, हे गिऱ्हाईक कोण?

काल पहिला सोमवार होता. दुपारी समोरचे काका आले आणि तुझी टोपी काढून सरळ आमच्या खुर्चीत बसले. केस कॉलरच्या खाली उतरलेले. बाबा म्हणाले, "अरे, कात्री बोटांत आहे की नाही तेसुद्धा मला कळत नाही."

काका म्हणाले, "मला कळेल ना. कानाला लागली की सांगतो."

मी कापड बांधलं. बाबा खुर्चीमागे उभे राहिले, स्वतःच्या पायांवर. (हे नीट वाच, आत्या.) कात्री दोनदा हातातून पडली. तिसऱ्यांदा मी उचलली आणि माझ्याच हातात ठेवली, म्हटलं मी कापते. काकांनी आरशातून असे डोळे वटारले की मी गपकन बाबांना देऊन टाकली. मग सगळी दुपार तेच. थोडं कापायचं, स्टुलावर बसायचं, पुन्हा उठायचं. कोणी बोलत नव्हतं, नुसती कात्री वाजत होती, तीही थांबून थांबून. मध्येच बाबांना रडू आलं. काकांनी मानसुद्धा वळवली नाही. म्हणाले, "सावकाश. मला कुठे लग्नाला जायचंय?"

झालं तेव्हा काय दिसत होतं, काय सांगू! एक बाजू कानाच्या वर, दुसरी कानाच्या खाली, मागे पायऱ्याच पायऱ्या. बाबांचा चेहरा उतरला. "समोर जाऊन सरळ करून घे रे," म्हणाले. काकांनी मला मागे आरसा धरायला लावला, चारी बाजूंनी बघितलं आणि "ठीक आहे" म्हणून उठले. मग त्यांनी बाबांना आपल्या दुकानात नेऊन बसवलं आणि कुरळ्यांवरून कात्री फिरवली. कापण्यासारखं काही नव्हतंच. पण वाजली.

मला वाटलं होतं आज सकाळपर्यंत ते गुपचूप नीट करून घेतील. शाळेत जाताना डोकावले, तर तसेच! मी म्हटलं, "काका, मी सरळ करून देऊ का? कुणाला कळणार नाही."

"हात तर लावून बघ," म्हणाले.

तेवढ्यात एक नवीन गिऱ्हाईक आलं. त्याने काकांच्या डोक्याकडे बघितलं आणि एक पाय बाहेरच ठेवला. "हे असे कुणी कापले हो?" म्हणाला.

काकांनी खुर्ची झटकली आणि रस्त्यापलीकडे आमच्या शटरकडे बोट दाखवलं. "तिथे," म्हणाले. "माझा कारागीर परत आलाय."

ती खाट आता दुसऱ्या कुणाला दे, आत्या. खिडकीशेजारची आहे, आवडेल तिला.

तुझी, आणि इथलीच,
भिंगरी